मोटिव्हेशनचं दोन दिवसांचं वर्कशॉप: पहिला दिवस नुसता आवाज, दुसरा दिवस पैसे वसूल

कंपनीने पाठवलं म्हणून गेले. साडेसात हजार अधिक १८% जीएसटी स्वतःच्या खिशातून घालून गेले असते का, तर अजिबात नाही. पण दुसऱ्या दिवसाचं वेगळं तिकीट असतं ना, तर ते मी स्वतः काढलं असतं आणि आमच्या कारखान्यातल्या शॉपवरचे दोन-तीन सुपरवायझर हाताला धरून सोबत नेले असते. पाचपैकी तीन स्टार देतेय, त्यातले अडीच दुसऱ्या दिवसाचे आणि अर्धा पहिल्या दिवशीच्या त्या रिंग फेकायच्या खेळाचा, त्याबद्दल पुढे येतेच.

संस्थेचं नाव लिहीत नाहीये. असली वर्कशॉप पुण्यात सतत कुठे ना कुठे चालू असतात, 'माणसं कशाने कामाला लागतात ते ओळखा' टाइपचं काहीतरी पोस्टरवर असतं, हाताची घडी घातलेल्या सुटातल्या माणसाचा फोटो असतो आणि आतला माल साधारण सारखाच असतो. त्यामुळे मी लिहितेय ते एका वर्कशॉपबद्दल असलं तरी तुम्ही कुठेही पैसे भरायच्या आधी ताडून बघू शकता.

मी कुठून बोलतेय ते आधी सांगते. चाकणला ऑटो पार्ट्सच्या एका कंपनीत ट्रेनिंग सेल माझ्याकडे आहे. आयटीआय करून आलेले अप्रेंटिस, डिप्लोमावाले ट्रेनी, ठेकेदाराकडची पोरं, इन्स्पेक्शनला बसणाऱ्या बायका, आणि सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशिनवर, केस पांढरे झालेले सेटर, म्हणजे मशिन लावून देणारे, ह्या सगळ्यांना काही ना काही शिकवायचं आणि शिकलेलं ते वापरतायत का ते बघायचं, म्हणजे अर्धी मास्तरीण आणि अर्धी कंपनीची माणूस. जाहिरातीत 'कामाच्या ठिकाणी आणि शिक्षणात' असं दोन्ही लिहिलेलं होतं ते बघूनच मी हो म्हटलं होतं, आणि बॅच खरंच मिक्स होती. एचआरवाले, बँकेतले, शाळांचे मुख्याध्यापक, जुन्नरकडचे एक झेडपीचे गुरुजी, लातूरचे एक मेडिकलच्या 'नीट' परीक्षेचे क्लासवाले सर, एका हॉस्पिटलच्या मेट्रन. अशी बॅच मिळणं हा मोठा प्लस पॉइंट, फक्त पहिल्या दिवशी कोणाला कोणाशी बोलूच दिलं नाही.

पहिल्या दिवशीचे ट्रेनर तरुण, स्मार्ट, कॉलर माइक लावून फिरणारे. दर वीस मिनिटांनी 'एनर्जी कमी पडतेय, परत एकदा!' आणि मग सगळ्यांनी उभं राहून टाळ्या. गुरुजी पहिल्या दोन वेळा उठले, नंतर बसूनच वाजवायला लागले. माणसांना मोटिव्हेट कसं करायचं हे शिकवणाऱ्याला समोरच्या बावीसेक माणसांचा कंटाळा दिसत नाही, ही गंमत दिवसभर चालू होती.

मग आला मानसशास्त्रज्ञ मास्लोचा गरजांचा पिरॅमिड, तो यायचाच, त्याच्याशिवाय हे दुकान उघडत नाही. खाली अन्न-पाणी, वर सुरक्षा, त्याच्या वर आपली माणसं, मग मान, आणि टोकाला स्वतःला सिद्ध करणं. मास्लोने हे १९४३ साली मांडलं, आणि त्याच्या त्या मूळ पेपरात पिरॅमिड नाहीच, तो नंतर मॅनेजमेंट कन्सल्टिंगवाल्यांनी काढला. मास्लो स्वतः म्हणत होता की ह्या पायऱ्या इतक्या पक्क्या नाहीत, एक गरज शंभर टक्के भागल्यावरच दुसरी सुरू होते असं काही नसतं. ट्रेनरने मात्र असं सांगितलं की वर्कर खालच्या दोन पायऱ्यांवर असतो आणि मॅनेजर वरच्या दोन. मला हे ऐकून चीड आली खरं सांगायचं तर. आमच्याकडे ठेकेदाराकडचा एक पोरगा आहे, खोलीचं भाडं थकलेलं असतं, तरी मंडळाच्या ढोल पथकाच्या सरावाला सुट्टी मारून जातो, आणि तिथे ताशाचा हात चुकला की रात्रभर बोटांनी टेबल बडवत बसतो. त्याला कुठल्या पायरीवर बसवणार?

मग टेस्ट. छापील पुस्तिका, चाळीस प्रश्न, शेवटी बेरीज केली की तुम्ही लाल, पिवळे, हिरवे किंवा निळे. लाल म्हणजे रिझल्टवाला, पिवळा म्हणजे कौतुकाचा भुकेला, हिरवा माणसांत रमणारा, निळा नियमात रमणारा. मी निळी निघाले. आपल्याकडे वात-पित्त-कफ ठरवताना वैद्य निदान नाडी तरी धरतो, इथे सकाळी उपाशीपोटी टिकमार्क केले की जन्माचा रंग ठरला. प्रत्येकाला त्या रंगाचा बॅज छातीला लावायला दिला. आणि जेवणाच्या वेळी जे व्हायचं तेच झालं, बाजूच्या टेबलावर एक मॅनेजर त्यांच्या सोबत आलेल्या एचआरच्या मुलीला सांगत होते, 'आपला तो स्टोअरवाला शंभर टक्के पिवळा आहे, त्याला डिस्पॅचला टाकू, सारखं कौतुक करत बसावं लागणार नाही.' माणूस हजर नाही, त्याने टेस्ट दिलेली नाही, आणि बदली ठरली सुद्धा.

असल्या टेस्टांची सगळ्यात प्रसिद्ध आई म्हणजे एमबीटीआय, माणसाचा स्वभावाचा टाइप सांगणारी टेस्ट, ती एका मायलेकीने बनवली, कॅथरीन ब्रिग्स आणि इसाबेल मायर्स, दोघीही रीतसर मानसशास्त्र शिकलेल्या नव्हत्या, युंग ह्या मानसोपचारतज्ज्ञाचं वाचून त्यांनी ती रचली. काही आठवड्यांनी तीच टेस्ट परत दिली की बऱ्याच लोकांचा टाइप बदलून येतो ही तिच्यावरची जुनीच तक्रार आहे, आणि नोकरीला घेताना निवड करायला ती वापरू नका असं ती विकणारेच सांगतात. मी हे ट्रेनरना विचारलं, ते म्हणाले, 'बघा, निळ्या लोकांना असे प्रश्न पडतातच!' सगळे हसले. विषय संपला.

शिक्षकांसाठी म्हणून दुपारी एक तास होता, त्यात मुलं तीन प्रकारची असतात, बघून शिकणारी, ऐकून शिकणारी आणि हाताने करून शिकणारी, ज्याला जे जमतं तसं शिकवा. ऐकायला इतकं छान वाटतं की मुख्याध्यापक मॅडम भराभर लिहून घेत होत्या. ह्या गोष्टीवर २००८ साली अमेरिकेतल्या चार मानसशास्त्रज्ञांनी सगळा पुरावा चाळून बघितला होता, पॅशलर आणि मंडळी, आणि मुलाच्या आवडीच्या प्रकाराने शिकवलं म्हणून तो जास्त शिकतो असा धड पुरावा त्यांना मिळाला नाही. मुलांना आवडीनिवडी असतात, ते खरंय. पण व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायचं साधन, वाचायला शिकवायचं तर व्हर्नियर हातात द्यावाच लागतो, समोरचा 'ऐकून शिकणारा' असला तरी. नुसतं ऐकून कोणाला लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर मोजता येणारं सगळ्यात लहान माप, समजलाय मला तरी माहीत नाही.

आता तो अर्धा स्टार. चार वाजता सगळे पेंगत असताना त्यांनी हॉलच्या मध्ये एक खुंटी ठेवली, हातात प्लास्टिकच्या रिंगा दिल्या आणि सांगितलं, कुठूनही उभं राहून टाका, अंतर तुमचं तुम्ही ठरवा. हा मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंडचा जुना खेळ आहे. काही लोक खुंटीला नाक लावून उभे राहतात, काही पार भिंतीला जाऊन फेकतात, लागली तर लॉटरी आणि नाही लागली तरी कोण काय म्हणणार, आणि काही लोक मधल्या अंतरावर उभे राहतात, जिथून कष्ट केले तर लागेल पण फुकट लागणार नाही. मॅक्लेलंडचं म्हणणं, ज्यांना काहीतरी करून दाखवायची ओढ असते ते बहुतेक मध्ये उभे राहतात. बाकी दोन ओढी त्याने सांगितल्या त्या म्हणजे माणसांची आणि सत्तेची. आमच्यात मेट्रन बाई बरोब्बर मध्ये उभ्या, प्रत्येक फेकीनंतर अर्धं पाऊल पुढे-मागे. क्लासवाले सर भिंतीपाशी. गुरुजी मात्र स्वतः टाकायच्या आधी इतरांच्या पडलेल्या रिंगा गोळा करून देत होते, त्यांना कुठल्या खान्यात टाकणार देव जाणे.

ह्याच मॅक्लेलंडने १९६४ च्या सुमारास आपल्या भारतातच, आंध्रातल्या काकीनाडा गावातल्या पन्नासेक व्यापारी-उद्योजकांना हैदराबादला बोलावून असं ट्रेनिंग दिलं होतं, ही ओढ वाढवता येते का बघायला. आणि नंतर बघितलं तर ट्रेनिंग घेतलेल्यांनी न घेतलेल्यांपेक्षा धंद्यात जास्त हालचाल केली होती, नवीन गुंतवणूक, नवीन माणसं लावणं वगैरे. म्हणजे ज्याने माणसांच्या ओढी वेगवेगळ्या केल्या तोच माणूस ओढ बदलते असं धरून चालला होता. सकाळी रंगाचा बॅज आणि संध्याकाळी हा खेळ, ह्या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध जातात हे ट्रेनरच्या लक्षात पण आलं नाही, त्यांनी स्लाइड पुढे सरकवली आणि 'पैसा हा मोटिव्हेटर नाही' ह्या वाक्यावर दिवस संपवला. मोठ्या अक्षरात, मागे सूर्योदय. एचआरवाल्यांनी मोबाइलने फोटो काढले त्याचे. का काढले असतील ते काय सांगायला पाहिजे का, इन्क्रिमेंटचा सीझन जवळ होता.

दुसरा दिवस.

दुसऱ्या दिवशी वेगळे सर. रिटायर्ड पर्सोनेल मॅनेजर, पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत युनियनच्या जोराच्या काळात नोकरी केलेले, माइक नको म्हणाले. आल्या आल्या टेबलांची रांग मोडायला लावली आणि कालचे बॅज काढून ठेवा म्हणाले, कोणाला वाईट वाटू नये म्हणून 'पिन टोचते' असं कारण दिलं. आणि पहिलंच वाक्य, 'ज्याचा पगार सात तारखेला झालेला नाही त्याच्यासमोर जाऊन म्हणून बघा, पैसा हा मोटिव्हेटर नाही.' हॉलमध्ये जी शांतता होती ती काल टाळ्यांनी पण आली नव्हती... म्हणजे टाळ्यांनी शांतता येत नाहीच, पण तुम्हाला कळलं मला काय म्हणायचंय ते.

मग त्यांनी हर्झबर्ग ह्या मानसशास्त्रज्ञाबद्दल सांगितलं, की कालचं ते वाक्य ह्याच माणसाच्या नावावर खपवतात. १९५९ साली पिट्सबर्गच्या भागातले दोनशेच्या आसपास इंजिनिअर आणि अकाउंटंट घेऊन त्याने दोनच गोष्टी विचारल्या, कामावर खूप भारी वाटलं होतं ती वेळ सांगा आणि खूप वाईट वाटलं होतं ती सांगा. भारी वाटल्याच्या गोष्टींत काहीतरी जमवलं, कोणी दखल घेतली, काम स्वतःच मजेचं होतं, जबाबदारी मिळाली, असं यायचं. वाईट वाटल्याच्या गोष्टींत कंपनीचे नियम, साहेब, पगार, कामाची जागा. म्हणजे त्याचं म्हणणं असं की पगार, कॅन्टीन, पंखा ह्या गोष्टी नीट असल्या की माणूस चिडत नाही, एवढंच, त्याने तो पेटून उठत नाही. आणि नीट नसल्या तर बाकीचं काहीही करा, उपयोग नाही. आता ह्यातून 'पैसा महत्त्वाचा नाही' हे कुठून काढलं? उलट पैशाचं आधी मिटवा असं तो म्हणतोय. सरांनी लगेच हे पण सांगितलं की ह्या अभ्यासावर टीका आहे, माणूस चांगल्याचं श्रेय स्वतःला घेतो आणि वाईटाचं खापर कंपनीवर फोडतो, त्यामुळे उत्तरं अशीच येणार. हे मला फार आवडलं. जो माणूस स्वतःच्या मालातली खोट आधी दाखवतो त्याच्याकडून घ्यावं.

आणि मग हर्झबर्गचा तो भारी वाटल्याचा-वाईट वाटल्याचा प्रश्न जोड्या करून एकमेकांना विचारायला लावला. नियम एकच, समोरचा बोलताना सल्ला द्यायचा नाही, फक्त 'मग?' विचारायचं. माझ्या जोडीला लातूरचे क्लासवाले सर आले. सकाळी नाष्ट्याला ते मला सांगत होते की आमच्याकडे दर टेस्टनंतर रँकची यादी बाहेर लावतो, पोरं आपोआप पळतात, भीती हेच खरं मोटिव्हेशन, बाकी सब झूठ. आता प्रश्न आला, भारी वाटलेली वेळ सांगा. ते बराच वेळ गप्प. मग म्हणाले, सुरुवातीला दुसऱ्याच्या क्लासमध्ये तासावर शिकवायचे, केमिस्ट्रीतला मोल कन्सेप्ट, म्हणजे कणांचा एक ठरलेला आकडा, पोरांना काही केल्या कळेना, तर घरून शेंगदाणे, साबुदाणा आणि तराजू घेऊन गेले, एक डझन शेंगदाणे आणि एक डझन साबुदाणे, आकडा तोच पण वजन वेगळं, आणि मागच्या बाकावरचं एक पोरगं ओरडलं 'सर, म्हणजे मोल पण डझनच आहे की!' हे सांगताना सर खुर्चीच्या कडेवर आले होते. मी फक्त 'मग?' विचारलं. म्हणाले, मग काय, त्या दिवशी तासाचे पैसे घ्यायचेच विसरलो. आणि थांबले. रँकच्या यादीबद्दल मी एक शब्द काढला नाही, नियमच होता तसा, पण संध्याकाळपर्यंत त्यांनी तो विषय परत काढला नाही एवढं खरं.

ह्या एका तासासाठी मी दुसऱ्या दिवसाचे पैसे देईन म्हणतेय.

पैशावर मात्र सरांनी एकतर्फी बोलू दिलं नाही कोणाला. एका बँकवाल्यांनी कालचं वाक्य लावून धरलं तर त्यांनी आपल्याकडचीच दोन उदाहरणं टाकली. उदयपूरच्या ग्रामीण भागात सेवा मंदिर ह्या संस्थेच्या एकशिक्षकी शाळा होत्या, शिक्षक दांडी मारायचे, तर रोज सकाळ-संध्याकाळ मुलांसोबत फोटो काढायचा, कॅमेऱ्यावर तारीख-वेळ येते, आणि पगार भरलेल्या दिवसांवर. अशा शाळांत गैरहजेरी २१ टक्के राहिली, बाकीच्या तशाच शाळांत ४२. दुसरं आंध्रातलं, शिक्षकांना मुलांच्या प्रगतीवर बोनस, वर्षाच्या पगाराच्या साधारण ३ टक्के, आणि दोन वर्षांनी त्या शाळांतल्या मुलांचं गणित आणि भाषा दोन्ही सुधारलेलं, मुरलीधरन आणि सुंदररामन ह्यांनी २०११ मध्ये ते छापलं. म्हणजे पैसा चालतो. झेडपीचे गुरुजी म्हणाले, 'आम्हाला फोटोचं ॲप नको, तीन टक्के द्या,' आणि दोन दिवसांतला सगळ्यात मोठा हशा तिथे झाला.

पण मग लगेच दुसरी बाजू. १९७३ साली स्टॅनफर्डच्या बालवाडीत चित्र काढायची आवड असलेली मुलं निवडली, एका गटाला आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर सोनेरी स्टारचं सर्टिफिकेट मिळेल, एका गटाला नंतर अचानक दिलं, एकाला काहीच नाही. पुढे मोकळ्या वेळात स्केचपेनं ठेवली तर बक्षिसाचं आधी ठरवून चित्र काढलेली मुलं बाकीच्यांच्या मानाने साधारण निम्माच वेळ चित्रं काढत होती. अचानक मिळालेल्यांचं काही बिघडलं नाही. आणि इस्रायलमधल्या हैफाच्या पाळणाघरांचं, मुलांना न्यायला उशीर केला की दंड लावला तर उशीर करणारे पालक जवळपास दुप्पट झाले, कारण आधी बाईंसमोर लाज वाटायची, आता पैसे भरले की काम झालं. दंड काढून टाकला तरी लाज काही परत आली नाही.

इथे माझ्या डोक्यात आमच्या शॉपवरची सजेशनची पेटी आली. एका कायझेनला, म्हणजे कामातल्या छोट्या सुधारणेच्या सूचनेला, शंभर रुपये. स्कीम माझ्या आधीपासूनची. 'गेजचा स्टँड डावीकडे ठेवावा', 'गेजच्या स्टँडला रंग द्यावा', 'गेजच्या स्टँडला नाव लिहावं', एकाच माणसाच्या तीन चिठ्ठ्या, तीनशे रुपये. आणि आमचे एक जुने सेटर आहेत, त्यांनी फिक्स्चरमध्ये, म्हणजे पार्ट धरून ठेवणाऱ्या साच्यात, एक साधी पिन टाकून पार्ट उलटा बसणंच बंद करून टाकलं, त्या पार्टचं रिजेक्शन जवळपास संपलं, त्यांनी चिठ्ठी टाकलीच नाही. का तर म्हणाले, 'शंभर रुपड्यांसाठी चिठ्ठ्या टाकणाऱ्यांत माझं नाव नको.' मी हे हॉलमध्ये सांगितलं. सर म्हणाले, त्यांच्या पिनवरून इंजिनिअरिंगच्या ड्रॉइंगमध्ये बदल झाला का? नव्हता झाला. पिन लागलेली आहे, ड्रॉइंग जुनंच. सरांनी नुसत्या भुवया वर केल्या.

शिक्षणाचा भाग दुसऱ्या दिवशी खरा झाला. रोलंड फ्रायर नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने अमेरिकेतल्या शहरांत शाळेतल्या मुलांना पैसे देऊन बघितले, मार्कांसाठी पैसे दिले तिथे काही फरक पडला नाही, आणि डॅलसमध्ये पुस्तक वाचून छोटी टेस्ट दिली की एका पुस्तकाचे २ डॉलर, तिथे वाचन सुधारलं. कारण पुस्तक वाचणं पोराच्या हातात आहे, मार्क कसे वाढवायचे हे त्याला माहीतच नसतं. मला हे फारच लागू पडलं, आमच्याकडे ट्रेनीला इन्सेंटिव्ह असतो तो लाइनच्या प्रॉडक्शनवर, आणि लाइन थांबते मटेरियल नाही म्हणून, त्यात त्या पोराने काय करायचं.

मानसशास्त्रज्ञ कॅरल ड्वेकचं पण झालं, 'हुशार आहेस' म्हणून कौतुक केलेली मुलं एकदा कोडी चुकली की लवकर हात टेकतात आणि 'मेहनत घेतलीस' म्हटलेली टिकतात, हा १९९८ चा प्रयोग. आणि सोबत हे पण सांगितलं की २०१९ मध्ये अमेरिकेत बारा हजारांच्या आसपास नववीच्या मुलांवर ही कल्पना वापरून बघितली तर कमी मार्कवाल्यांचा फायदा झाला पण अगदी थोडासा. मग गुरुजींना बोलतं केलं. त्यांच्या वर्गात चौथीचा एक मुलगा, वहीत शतकाचा हिशेब येत नाही, पण घरी डेअरीच्या दुधाची स्लिप तोच वाचतो, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक), दर, आणि बाप डेअरीवाल्याशी भांडायला जातो ते त्याच्या हिशेबावर. गुरुजींनी काय केलं, तर वर्गाची गणितं त्यालाच बनवायला सांगितली, दुधाची. पहिल्या आठवड्यात त्याने बनवलेली गणितं गुरुजींना पण सुटली नाहीत, कारण डेअरीवाला कापतो ती दहा पैशांची कटौती त्याने त्यात घातली होती. आता हा मुलगा लाल की निळा, बघून शिकणारा की ऐकून? मुख्याध्यापक मॅडमनी कालची पानं फाडली नाहीत पण पेन खाली ठेवलं होतं.

शेवटच्या तासात डेसी आणि रायन ह्या दोन मानसशास्त्रज्ञांचं, म्हणजे माणसाला स्वतःच्या मनाने करायला मिळावं, जमतंय असं वाटावं आणि आजूबाजूला आपली माणसं असावीत, ह्या तीन गोष्टी. घाईत उरकलं. खरं तर ह्याला अर्धा दिवस द्यायला हवा होता, आणि तो वेळ पहिल्या दिवशीच्या रंगांनी खाल्ला.

परत आल्यावर वापरता काय आलं हे महत्त्वाचं, नाहीतर सर्टिफिकेट ड्रॉवरमध्ये. मी तो हर्झबर्गचा प्रश्न चहाच्या सुट्टीत विचारायला लागले, फॉर्म नाही, रजिस्टर नाही. डिप्लोमावाला एक ट्रेनी, ज्याला सगळे 'इंटरेस्ट नाही त्याला' म्हणायचे, म्हणाला नाइट शिफ्टला सेटरनी एकदा मशिनमध्ये ऑफसेट, म्हणजे मापाची दुरुस्ती, टाकू दिला होता ती रात्र भारी होती. एवढंच पाहिजे होतं त्याला, सेटिंग शिकायचंय, आणि आपण त्याला पीस मोजून शाबासकी देतोय. इन्स्पेक्शनच्या एका ताईंनी लाइन लीडरचं प्रमोशन नाकारलं होतं, त्यावरून 'महत्त्वाकांक्षा नाही' असं फाइलवर लिहिलेलं, आणि त्यांचं कारण काय तर लीडरला मीटिंगसाठी थांबावं लागतं आणि साडेतीनची कंपनीची बस चुकते, मग मुलीला क्लासवरून कोण आणणार. मीटिंग शिफ्टच्या सुरुवातीला घेतली तर? विचारलंय मी, बघू. आणि एकाने सरळ सांगितलं, 'मॅडम, मला भारी-बिरी काही नको, ओटी (ओव्हरटाइम) द्या, ट्रॅक्टरचा हप्ता आहे.' त्याला ओटी दिली. हे पण मोटिव्हेशनच आहे आणि त्यात कमीपणा काही नाही, पुढच्या वर्षी हप्ते संपले की तोच माणूस वेगळं काही मागेल, तेव्हा परत विचारायचं. सजेशनचे शंभर रुपये बंद करून ज्याची सुधारणा लागली त्याचं नाव ड्रॉइंगच्या रिव्हिजनमध्ये घाला असं मी लिहून दिलंय, ते अजून वर कोणाच्या तरी मेलमध्ये पडलंय.

आता बाकीच्या तक्रारी पटापट. एसी इतका जोरात की मेट्रन बाईंनी सकाळपासून शाल घेतली होती. जेवण ठीक, पण पनीर, नान आणि वर गुलाबजाम खाऊ घालून अडीचला स्लाइड दाखवणं हा अन्याय आहे, वरण-भात-कोशिंबीर द्या की. नोट्स म्हणून जी फाइल मिळते त्यात पहिल्या दिवसाच्या सत्तर स्लाइड्स रंगीत आणि दुसऱ्या दिवसाचं एक पान, ते पण झेरॉक्स. व्हॉट्सॲप ग्रुप करतात, पहिल्या आठवड्यात गुड मॉर्निंग आणि नंतर 'ॲडव्हान्स लेव्हल, अर्ली बर्ड ऑफर', अठरा हजार. टीमसाठी रंगांच्या पुस्तिका वेगळ्या विकत, एकेक साडेचारशेला. आमच्या एचआरनी पन्नास मागवायचं चालवलं होतं, ते मी थांबवलं, निदान ह्या वर्षापुरतं तरी.

कोणी जावं? ज्यांच्या हाताखाली माणसं किंवा समोर मुलं आहेत आणि ज्यांना दुसऱ्याच्या धंद्यातल्या माणसाशी दोन तास बोलायला आवडेल त्यांनी. ज्यांना फक्त एचआरच्या रेकॉर्डला ट्रेनिंगचे तास भरायचेत त्यांनी ऑनलाइन काहीतरी बघावं, स्वस्त पडेल. मालकांनो, 'पगार न वाढवता लोक कसे टिकवायचे' हे शिकायला जाणार असाल तर पहिला दिवस तुमच्यासाठीच बनवलाय, पण दुसऱ्या दिवशी चिडाल.

बुकिंग करताना दुसऱ्या दिवशी कोण ट्रेनर आहे ते फोन करून विचारून घ्या, प्रत्येक बॅचला तेच सर नसतात असं चहाच्या वेळी ऑफिसवाल्या मुलीने सांगितलं. ते रिटायर्ड सर नसतील तर बॅच बदलून मागा, बदलून देतात. जीएसटीचं बिल कंपनीच्या नावाने तिथल्या तिथे घ्या, नंतर मेलवर यायला फार वेळ लावतात, आणि पार्किंगचे दोन्ही दिवसांचे पैसे वेगळे.